आमदारांनी दवाखान्याबद्दल काय विचारावे?

या स्तंभात आपण आजवर मधुमेह, मूळव्याध, लहान मुलांची जुलाब-उलटी अशा दुखण्यांबद्दल बोलत आलो. आज दुखणे घेऊन आपण ज्या दारात जातो त्या सरकारी दवाखान्याबद्दल लिहिणार आहे, आणि त्यातही मुंबई-नागपूरच्या विधिमंडळात त्या दवाखान्याबद्दल जे प्रश्न विचारले जातात त्यांच्याबद्दल. काही वाचक म्हणतील, डॉक्टर आता राजकारणात शिरले! तसे काही नाही. माझी उभी हयात सरकारी आरोग्यसेवेत गेली. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री भूल द्यायला डॉक्टर का नसतो, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला सापडले नाही. ते उत्तर मंत्रालयात असते, आणि तिथून ते बाहेर काढण्याचा अधिकार आपण निवडून दिलेल्या माणसाकडे असतो. तो अधिकार कसा वापरला जातो हे पाहणे म्हणूनच आरोग्याच्या स्तंभाचेही काम आहे.

अधिवेशन सुरू झाले की जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. अमुक ग्रामीण रुग्णालयाच्या दुरवस्थेवरून आमदारांनी सरकारला धारेवर धरले. सोबत आमदारांचा बोट उंचावलेला फोटो. वाचून बरे वाटते. सहा महिन्यांनी त्याच रुग्णालयात जावे, तर क्ष-किरण यंत्रावर तेच कापड, सोनोग्राफीच्या खोलीला तेच कुलूप आणि बाळंतिणीला तेच वाक्य, ‘जिल्ह्याला घेऊन जा.’ मग लोक म्हणतात, आमदार नुसते बोलले, किंवा सरकार नुसते ऐकते. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण मला दिसलेले कारण वेगळे आहे. प्रश्नच असा विचारलेला असतो की त्याचे खरे उत्तर देऊनही काही सांगावे लागत नाही.

आपल्या विधिमंडळातल्या छापील प्रश्नाचा एक साचा आहे. ज्यांनी प्रश्नोत्तरांची यादी पाहिली असेल त्यांना तो पाठ असेल. सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरही साच्यातलेच. (१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) रुग्णांना पर्यायी व्यवस्थेद्वारे सेवा देण्यात येत आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.

‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांइतके गुणकारी औषध मी माझ्या नोकरीत दुसरे पाहिले नाही. कितीही जुनाट तक्रार असो, एका मात्रेत शांत!

हे उत्तर तयार कसे होते ते सांगतो, कारण सर्वसाधारण वाचकाला त्याची कल्पना नसते. आमदारांचा प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी विधानभवनात दाखल होतो. तो स्वीकारला गेला की आरोग्य विभागाच्या संबंधित कार्यासनाकडे जातो. तिथून आरोग्य सेवा संचालकांकडे, तिथून मंडळाच्या उपसंचालकांकडे, तिथून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला. पूर्वी हा निरोप फोनवर, नंतर फॅक्सवर यायचा, आता मोबाइलवर येतो. मजकुरात मात्र फरक नाही : ‘विधानसभा तारांकित प्रश्न. अत्यंत तातडीचे. माहिती आजच सादर करावी.’ रविवारची लसीकरणाची वही बाजूला ठेवून कारकून आणि डॉक्टर माहिती लिहायला बसतात. ती माहिती परत वर चढू लागली की प्रत्येक पायरीवर एकेक कोपरा घासला जातो. खालून लिहून गेलेले असते, ‘यंत्र १४ महिन्यांपासून बंद आहे.’ वर पोचेपर्यंत त्याचे होते, ‘यंत्र दुरुस्तीची कार्यवाही प्रगतिपथावर आहे.’ यात खोटे कोणी बोललेले नसते. दुरुस्तीचे पत्र खरोखरच पाठवलेले असते. माझ्या एका वरिष्ठांचे म्हणणे असे, की जेवढे विचारले तेवढेच सांगावे. एका अर्थी ते बरोबरच होते. दोष असलाच तर कमी विचारणाऱ्याचा.

म्हणून काय विचारावे, हा खरा मुद्दा.

पदांचेच उदाहरण घ्या. आमदार विचारतात, ‘किती पदे रिक्त आहेत?’ उत्तर येते, ‘मंजूर चार, भरलेली तीन, रिक्त एक.’ ऐकणाऱ्याला वाटते, चारातले तीन म्हणजे फार वाईट नाही. पण सरकारी नोकरीत ‘भरलेले’ आणि ‘हजर’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तिघांपैकी एक डॉक्टर पगार इथला घेतो आणि प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या गावी काम करतो. दुसरी बाळंतपणाच्या किंवा पदव्युत्तर शिक्षणाच्या रजेवर असते. दोघांचीही जागा कागदावर भरलेली, त्यामुळे त्या जागी दुसरा माणूस देता येत नाही. उरलेला एक डॉक्टर बाह्यरुग्ण विभाग पाहतो, शवविच्छेदन करतो, न्यायालयात साक्षीला जातो, मंत्र्यांच्या दौऱ्यात गाडीबरोबर जातो आणि रात्री अपघात आला तर त्यालाच उठवतात. अशा डॉक्टरवर गावकरी चिडतात, क्वचित हातही उचलतात. बिचारा हजर असतो म्हणून मार खातो. जे हजर नाहीत त्यांना कोण मारणार?

त्यात आता नेमणुकांचे प्रकारही वाढले आहेत. कोणी कायम, कोणी राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी, कोणी एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राची सेवा पुरी करायला आलेला. बंधपत्रित डॉक्टर बहुधा वर्षभरात जातो. त्याला गावचे रस्ते कळू लागतात तोवर त्याची पिशवी भरलेली असते. म्हणून ‘मंजूर किती, भरलेले किती’ एवढ्यावर न थांबता ‘गेल्या वर्षात अमुक महिन्याच्या अमुक तारखांना प्रत्यक्ष हजर किती होते’ हे हजेरीपटावरून विचारले पाहिजे. हजेरीपट खोटा करणे अवघड असते, निदान ‘अंशतः खरे’ लिहिण्याइतके सोपे नसते.

रिक्त जागांचे दुखणे काही एका तालुक्याचे नाही. महालेखापरीक्षकांचा राज्याच्या आरोग्यसेवेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात ठेवला गेला. २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाची ती तपासणी होती. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे दोन्ही विभाग मिळून मंजूर पदांच्या तुलनेत डॉक्टर २७ टक्के, परिचारिका ३५ टक्के आणि तंत्रज्ञ वगैरे सहायक कर्मचारी ३१ टक्के कमी असल्याचे त्यात नोंदले आहे. हा कोणा विरोधी पक्षाचा आरोप नव्हे, सरकारी हिशेबनीसाचा हिशेब आहे. मात्र हे आकडेही मंजूर आणि भरलेल्या पदांचेच. हजेरीची मोजणी त्यात धरली तर चित्र काय होईल ते वाचकांनीच ताडावे.

आता त्याहून मोठी गोष्ट. माणसे किती आहेत यापेक्षा काम किती झाले हे विचारावे.

सरकारचे स्वतःचे मापदंड असे आहेत. सपाटीच्या भागात ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला एक ग्रामीण रुग्णालय. आदिवासी व डोंगरी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे. समजा आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या वाट्याला १,२०,००० लोक आहेत. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास आहे, म्हणजे त्या भागात वर्षाला साधारण १,८०० बाळंतपणे. त्यांतल्या दहा टक्के स्त्रियांना आई किंवा बाळ वाचवण्यासाठी सिझेरियन लागते असे अगदी हात राखून धरले, तरी वर्षाला १८० शस्त्रक्रिया झाल्या. दर दोन दिवसांना एक.

आता आमदारांनी एवढेच विचारावे, ‘या ग्रामीण रुग्णालयात गेल्या तीन वर्षांत वर्षनिहाय किती सिझेरियन झाली, आणि त्यांतील रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत किती?’ या प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर देताच येत नाही. आकडाच द्यावा लागतो. आणि तो आकडा शून्य, चार किंवा अकरा असा आला, तर उरलेल्या स्त्रिया कुठे गेल्या, हा उपप्रश्न आपोआप उभा राहतो. त्या गेल्या साठ-सत्तर किलोमीटरवरच्या जिल्हा रुग्णालयात, नाहीतर शहरातल्या खासगी प्रसूतिगृहात, म्हैस किंवा दागिना विकून. काही वाटेतच थांबल्या.

हे कोरडे गणित नाही. बाळंतपणानंतर अंगावरून अतोनात रक्त जाऊ लागले तर उपचाराविना दोन तासांत बाई दगावू शकते. दोन तासांत रक्त हवे, ते द्यायला डॉक्टर हवा आणि पोट उघडावे लागले तर भूल देणारा हवा. तिघांतला एक नसला तर उरलेल्या दोघांचा उपयोग नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, दोघे आहेत पण रक्ताची पिशवी ठेवायचा शीतकपाट बंद, असा एक ना एक पाय लंगडा मी पाहत आलो. खुर्ची तीन पायांची असते, दोन पायांची होत नाही. खासगी भूलतज्ज्ञाला मानधन देऊन दवाखान्यात बोलावण्याची सोय सरकारने केलेली आहे. त्या सोयीचा वापर किती वेळा झाला, किती मानधन किती महिने थकले, हेही विचारण्याजोगे आहे. मानधन थकलेला माणूस रात्री दोनला फोन उचलेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आणखी एक उदाहरण सर्पदंशाचे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते. गंभीर दंशात सुरुवातीलाच सर्वसाधारणपणे दहा कुप्या द्याव्या लागतात. विधिमंडळात विचारतात, ‘सर्पदंशावरील लस उपलब्ध नाही, हे खरे आहे काय?’ उत्तर येते, ‘हे खरे नाही. लस उपलब्ध आहे.’ आहे ना! दोन कुप्या आहेत. दोन कुप्यांत घोणस चावलेला शेतमजूर वाचत नाही, पण उत्तर वाचते. त्याऐवजी ‘जून ते ऑक्टोबर या काळात प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किती कुप्या शिल्लक होत्या’ असे विचारले, तर औषधभांडाराची साठानोंद काढावी लागते. प्रतिविषाची काहींना उलटी प्रतिक्रिया येते, त्या वेळी जवळ डॉक्टर आणि अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दोन्ही हवे. म्हणून रात्री तिथे डॉक्टर होता का, हा प्रश्न पुन्हा येतोच.

मृत्यूंबद्दल विचारताना तर शब्द फार जपून निवडावे लागतात. मेळघाटातल्या बालमृत्यूंचा प्रश्न १९९३ पासून गाजतो आहे. न्यायालयात गेला, विधिमंडळात कितीदा आला. ‘कुपोषणाने इतकी बालके दगावली, हे खरे आहे काय?’ असा प्रश्न आला की उत्तर असे मिळते : मृत्यू कुपोषणाने नव्हे तर न्यूमोनिया, अतिसार, कमी वजन, मुदतपूर्व जन्म अशा विविध कारणांनी झाले. वैद्यकाच्या भाषेत हे चूक म्हणता येत नाही. उपाशी मूल उपासाने क्वचितच मरते. अंगात ताकद नसलेल्या मुलाला साधा खोकला होतो, त्याचा न्यूमोनिया होतो आणि धडधाकट मूल ज्यातून उठले असते त्यातून ते उठत नाही. दाखल्यावर कारण लागते न्यूमोनिया. म्हणून ‘कुपोषणाने किती’ हे विचारूच नये. ‘पाच वर्षांखालील एकूण किती मुले दगावली, त्यांतील किती जणांचे शेवटचे नोंदलेले वजन कमी होते, आणि मरण्यापूर्वी किती जणांना डॉक्टरने तपासले होते’ असे विचारावे.

तेही मृत्यूची नोंद झाली असेल तरच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या ‘सर्च’ने काही संस्थांना बरोबर घेऊन गावोगाव जाऊन बालमृत्यू मोजले आणि २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. सरकारी वहीत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक मुले प्रत्यक्षात दगावत असल्याचे त्यातून पुढे आले. त्यावर गदारोळ झाला आणि सरकारला डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. गडचिरोलीत घरोघरी जाऊन नवजात बाळाला जपण्याची जी पद्धत त्यांनी बसवली होती, ती २०११ पासून आशाताईंमार्फत देशभर नेण्यात आली. आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा येऊन बाळाचे वजन आणि ताप पाहते, तिच्या मागे ही मोजणी उभी आहे. मोजले म्हणून विचारता आले, विचारले म्हणून हलले.

प्रश्न चुकीच्या दारावर जाणे, हीदेखील नेहमीची गोष्ट. लोकांच्या लेखी सगळा ‘सरकारी दवाखाना’ एकच. पण उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवते जिल्हा परिषद. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचे. नगरपालिकेचा दवाखाना नगरविकास खात्याकडे. अंगणवाडीचा आहार महिला व बालविकासकडे, इमारत सार्वजनिक बांधकामकडे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मिळून २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. सगळा देश हळहळला. ते रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे नव्हते, वैद्यकीय शिक्षण विभागाचे होते. पण तिथे आलेली अनेक बालके आसपासच्या ज्या दवाखान्यांतून पाठवली जातात, ते दवाखाने आरोग्य विभागाचे आणि जिल्हा परिषदेचे. अशा वेळी एका मंत्र्याला विचारले तर तो दुसऱ्याच्या अखत्यारीतली बाब म्हणून मोकळा होतो. दोघांनाही एकाच वेळी विचारले पाहिजे : कोणत्या दवाखान्यातून, किती वाजता निघालेले मूल, किती वाजता पोचले?

इमारतींबद्दल दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो. आमदारांचा जीव इमारतीवर असतो, कारण तिचे भूमिपूजन होते आणि उद्घाटनही होते. भूलतज्ज्ञाचे उद्घाटन करता येत नाही! तीस खाटांचे पन्नास होतात, ‘उपजिल्हा रुग्णालय’ अशी नवी पाटी लागते, फरशी चकचकते. पण वाढीव पदांची मंजुरी वेगळी असते, तिला वित्त विभाग लागतो, आणि ती वर्षानुवर्षे येत नाही. त्यात लोकसंख्येचा हिशेब अजून २०११ च्या शिरगणतीवर चालतो, कारण २०२१ ची शिरगणती वेळेवर झालीच नाही. इमारतीचा प्रश्न विचारणाऱ्याने त्याच प्रश्नात पदनिर्मितीची तारीख विचारली नाही, तर त्याने फरशीच मागितली असे समजावे.

आता आश्वासनांकडे वळतो. मंत्री सभागृहात ‘तपासून पाहू’, ‘तीन महिन्यांत पदे भरू’ असे म्हणाले की ती नुसती बोलण्यातली गोष्ट राहत नाही. विधिमंडळाची आश्वासन समिती असते, ती अशी आश्वासने नोंदवते आणि पुरी झाली का ते विचारते. पण तिथे पाठपुरावा करणारा सदस्य हवा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशु कक्षाला आग लागून दहा तान्ही बाळे गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले, चर्चा झाल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. दोन आगींमध्ये दहा महिने होते. त्या दहा महिन्यांत आपापल्या जिल्ह्याचे अग्निसुरक्षेचे काम तपासणीच्या पुढे गेले का, पैसे आले का, काम कोणाकडे अडले, हे विचारायला जिल्ह्याजिल्ह्याचे आमदार होते. तपासणी म्हणजे दुरुस्ती नव्हे, एवढे तरी त्यांच्या ध्यानात यायला हवे होते असे मला वाटते.

विधिमंडळात बोलून काय होते, असे कंटाळून म्हणणारे वाचक आहेत. मला ते पटत नाही. कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला १८९२ च्या कायद्याने मिळाला आणि उपप्रश्न विचारण्याचा १९०९ च्या. तोही आधी फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. इंग्रजांकडून हा हक्क तुकड्या-तुकड्याने मिळवावा लागला. १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या रजेत पैसे मिळावेत असे विधेयक आले, तेव्हा गिरणीमालकांचा विरोध असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तेव्हा सभागृहात सामान्य माणसाचे प्रतिनिधी मूठभर होते. आज विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य आहेत.

अर्थात, एकट्या आमदाराला सगळा तपशील ठाऊक असणे शक्य नाही. त्याच्याकडे लग्ने, मयती, रस्ते, बदल्या, पाणी सगळेच असते. प्रश्नाचा मसुदा बहुधा वर्तमानपत्राच्या कात्रणावरून त्याचा सहायक करतो, आणि कात्रणात ‘दुरवस्था’ हा शब्द असतो, आकडा नसतो. इथे वाचकांचे काम सुरू होते. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांच्या अर्जावर साठानोंद, हजेरीपट आणि शस्त्रक्रियांची संख्या मागता येते. गरोदर आणि बाळंत स्त्रीला सरकारी दवाखान्यात सिझेरियनसह सगळे मोफत, औषध, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडीदेखील, असा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. तुमच्या घरच्या बाळंतिणीला त्यातले काय मिळाले नाही, बाहेरून काय विकत आणावे लागले, त्याच्या पावत्या जपून ठेवल्या तर त्यांहून चांगला पुरावा नाही. लोकाधारित देखरेखीचा प्रयोग आपल्या राज्यात २००७ मध्ये अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचे उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, तेव्हा जनसुनवाईत खेड्यातल्या बायकांनी अशाच पावत्या अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. बाई शिकलेली असो वा नसो, पावती बोलते.

तेव्हा आपल्या आमदारांना भेटायला जाल तेव्हा हार-तुऱ्यांबरोबर एक कागदही न्या. त्यावर निबंध लिहू नका. आपल्या ग्रामीण रुग्णालयाचे नाव घाला आणि विचारा : मंजूर पदे किती, भरलेली किती, गेल्या बारा महिन्यांत प्रतिनियुक्तीवर कोणत्या पदावरचा माणूस किती दिवस बाहेर होता, गेल्या तीन वर्षांत सिझेरियन किती, त्यांतील रात्रीची किती, किती बाळंतिणींना पुढे पाठवले आणि कोणते कारण लिहून, रक्तसाठवणूक केंद्र किती दिवस चालू होते, सोनोग्राफी आणि क्ष-किरण यंत्र कोणत्या तारखेपासून बंद आहे आणि दुरुस्तीचे पहिले पत्र कोणत्या तारखेचे. शेवटी पूर्वीच्या अधिवेशनात याच रुग्णालयाबद्दल मंत्र्यांनी काय आश्वासन दिले होते आणि त्याचे काय झाले, हे घालायला विसरू नका. नेमके हेच कलम सगळे विसरतात.

एक कलम मी माझ्या वयाच्या माणसांसाठी सुचवतो, कारण त्याबद्दल कोणीच बोलत नाही. मुलगे पुण्या-मुंबईला, घरात पंचाहत्तरीचा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि सत्तरीची बायको त्याची कूस बदलते आहे, अशी घरे आता गल्लोगल्ली आहेत. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, आणि त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांच्या वेगळ्या कक्षाची तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात तो कक्ष कुठल्या मजल्यावर आहे, तिथे सध्या किती म्हातारे दाखल आहेत, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन पाठीच्या जखमा पाहणारे कोणी नेमलेले आहे का, एवढे विचारून घ्या. कक्ष वरच्या मजल्यावर असला आणि लिफ्ट बंद असली, तर तेही.

वेळेचे भान मात्र ठेवा. अधिवेशन सुरू झाल्यावर नेलेला कागद तारांकित प्रश्नाच्या उपयोगाचा नसतो. सूचना आधी द्यावी लागते, आणि छापलेल्या यादीतले पहिले मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. लेखी उत्तरही मागून घ्या, ते सरकारचे सही-शिक्क्याचे म्हणणे असते आणि पुढच्या खेपेला कामी येते. नागपूरचे हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात भरते. त्यासाठी कागद दिवाळीच्या आधी आमदारांच्या हाती पडला पाहिजे. आलेल्या उत्तराची प्रत या स्तंभाकडे पाठवलीत, तर त्यातल्या ‘अंशतः’चा अर्थ आपण मिळून लावू.